हात सैल सोड

प्रिय बेटा,

जैसलमेरच्या वाळवंटातल्या मोटरसायकल ट्रेनिंग राईडमध्ये तुझं नाव लागलं हे वाचून आनंद झाला. पण तुझ्या मेसेजची खालची ओळ वाचून जरा थबकलो. ‘काका, उन्हाचं टेन्शन नाही, आपण नागपूरचे.’ तिथल्या माझ्या पहिल्या राईडच्या आधी मी हेच सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

४५ डिग्रीत आपण करतो काय? दुपारी कूलरसमोर पडतो. निघालोच तर दुपट्टा गुंडाळून, आणि आई खिशात कांदा टाकते. नागपूरकराला ऊन सोसता येतं असं नाही बाप्पा, त्याला ऊन टाळता येतं. तिथे टाळायला जागा नाही. डिसेंबरची हवा गार असेल, पण अंगावर हेल्मेट, आर्मर म्हणजे संरक्षक कवच, गुडघ्यापर्यंत बूट, आणि गाडी पंधरा-वीसच्या स्पीडने. वारा लागतच नाही. त्यात दीडशे किलोच्या वरची गाडी पुन्हा पुन्हा उचलायची. पाठीवर दोन-तीन लिटर पाणी आणि वेगळ्या बाटलीत ओआरएस ठेव. तहान लागायच्या आधी प्यायचं.

आता वाळू. तू आपल्या कन्हान नदीच्या पात्रात गाडी चालवलीस, चांगलं केलंस. पण नदीची वाळू जाड आणि खरबरीत, म्हणून ती बांधकामाला चालते. थरची वाळू वाऱ्याने घासून बारीक आणि गोल झालेली. तिचे कण एकमेकांना धरत नाहीत, मग टायरला काय धरणार? पुढचं चाक सापासारखं वळवळायला लागतं. नवा माणूस इथे घाबरतो, हँडल आवळतो, गॅस म्हणजे अॅक्सिलरेटर सोडतो. गॅस सुटला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, ते रुततं आणि आपण हँडलवरून पुढे.

करायचं बरोबर उलटं. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभी राहा, गुडघ्यांनी टाकी धर, बूड थोडं मागे. नजर चाकावर नको, वीस-तीस मीटर पुढे. गॅस एकसारखा. हात इतके सैल की ग्रिपवर जणू चिमणी बसली आहे. चाक वळवळू दे, त्याला त्याचा रस्ता सापडतो. पुढचा ब्रेक विसर. हे वाचून येत नाही हे मलाही ठाऊक आहे. पन्नासदा चुकल्यावर एकदा कोपर आपोआप ढिला होतो, आणि त्या दिवशी माणूस हेल्मेटच्या आत एकटाच हसतो.

रुतलीस तर गॅस पिळत बसू नको. मागचं चाक विहीर खणतं आणि क्लच जळाल्याचा वास येतो. इंजिन बंद कर, खाली उतर, गाडी सरळ आडवी पाड. खड्ड्यात पायाने वाळू लोट, गाडी उभी कर, पहिल्या गिअरमध्ये बाजूने चालत बाहेर काढ. उचलताना कंबर वाकवायची नाही. सीटला पाठ लावून बसायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं. तुझ्या एक्सपल्स गाडीची सीट ८२५ मिलिमीटर उंच, तुझे जेमतेम चवडे टेकतात. त्यामुळे थांबायचं तेव्हा पाय कुठे पडेल ते आधी बघ.

टायरची हवा रस्त्यावर तीसच्या आसपास असते, वाळूत १५ ते १८ पीएसआय. त्याखाली नको. टायर रिमवर सरकतो, ट्यूबही सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायची नळी, मुळापासून फाटतो. दर थांब्यावर व्हॉल्व्हकडे बघायची सवय लाव. तिरका दिसला की समज, टायर सरकतोय. साइड स्टँडखाली ठेवायला घरून लाकडाची चकती ने, तिथे चपटा दगड शोधूनही मिळत नाही. आणि एअर फिल्टर रोज संध्याकाळी साफ करायचा, कितीही दमलीस तरी. खेजडीच्या सावलीत गाडी लावायचा मोह होईल. ती म्हणजे आपली शमीच, नागपूरजवळच्या अदाशाचा गणपती शमी विघ्नेश जिच्या नावाने ओळखला जातो ती. नमस्कार कर आणि गाडी दूर लाव. काटे ट्यूबचे वैरी आहेत.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. माझ्या त्या राईडचा तिसरा दिवस, दुपारचे बारा. सूर्य वर असला की वाळूवर सावल्या फारशा पडत नाहीत, चढ-उतार सगळं एकसारखं पांढरं दिसतं. टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि सौम्य चढाची, पण माथ्यापलीकडे वाळू एकदम ढासळती, उतार तीस अंशांच्या वर. ट्रेनरचा नियम साधा होता. पुढचा पलीकडे उतरून हात वर करेपर्यंत मागच्याने चढायचं नाही. मी पार थकलो होतो, ओठ सुकले होते, सगळ्यांच्या मागे पडलो होतो. ‘थांबा’ म्हणायची लाज वाटली. हात दिसला नाही तरी चढलो. माथ्यावर गाडी हवेत, आणि खाली पुढचा मुलगा गाडीखाली पाय अडकून पडलेला. मी गाडी डावीकडे फेकली. माझं चाक त्याच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर वाळूत घुसलं. माझं कॉलरबोन मोडलं, त्याला काही झालं नाही. गाडीखालून काढल्यावर त्याने आधी मला पाणी दिलं. ते पाणी अजून घशात अडकलेलं आहे.

म्हणून ग्रुपमध्ये पहिल्या सकाळीच ट्रेनरला सांग की वाळूत नवी आहेस. दम लागला की हात वर कर, कोणी हसलं तर हसू दे. आणि तुझ्या मागे कोण आहे ते कायम माहीत असू दे. आरशात दिसेनासा झाला की थांबायचं. तू थांबलीस की तुझ्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, अशी सगळी रांग उभी राहते. धुळीत पुढच्याला चिकटायचं मात्र नाही.

गाडी ट्रेनने पाठवणार असशील तर टाकी रिकामी करावी लागते, ते लक्षात ठेव.

रविवारी सकाळी सहाला कन्हानला ये. पात्रात डांगरवाड्या, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या वाड्या, लागल्या असतील तर त्यांच्यापासून लांब, वरच्या अंगाला जाऊ. पंप मी आणतो, हवा मोजायचं गेज तू आण, माझं खोटं दाखवतं. दहा वेळा गाडी पाडू, दहा वेळा उचलू. नंतर तर्री पोहे, पैसे तू द्यायचे.

तुझा,
काका