पिल्लांचे वय आधी, जात नंतर

प्रश्न : मुलांच्या हट्टामुळे चार दिवसांपूर्वी आम्ही सशाची दोन पिल्ले विकत आणली. ती दीड महिन्याची व डच जातीची असून फारशी वाढणार नाहीत, असे विक्रेत्याने सांगितले. एक काळे-पांढरे आहे, दुसरे पूर्ण पांढरे आणि लाल डोळ्यांचे आहे. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पहिले २६० ग्रॅम आणि दुसरे ३१० ग्रॅम भरले. पांढऱ्या पिल्लाचे नाक आणि कानांची टोके मळकट दिसू लागली आहेत व ओल्या फडक्याने पुसूनही मळ जात नाही. दोन्ही पिल्ले आमची बोटे चोखतात. त्यांची जात व वय नक्की कसे ओळखावे? त्यांतला नर कोणता आणि मादी कोणती? सोबत छायाचित्रे पाठवत आहोत.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण जात आधी विचारली आहे, पण या घडीला वयाचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. जात चुकली तर फार तर पिंजरा लहान पडेल. वय चुकले तर पिल्लू हातचे जाऊ शकते.

सशाची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर केस नसतात आणि डोळे व कान बंद असतात. आठवडाभरात अंगावर मखमलीसारखी लव येते, दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्ले घरट्याबाहेर येऊन आईच्या चाऱ्यातले गवत कुरतडू लागतात. मात्र गवत कुरतडणे म्हणजे दूध सुटणे नव्हे. आई दिवसातून एकदा, क्वचित दोनदा, जेमतेम काही मिनिटे पाजते, त्यामुळे पिल्ले आईला सारखी लुचताना दिसत नाहीत आणि पाहणाऱ्याला ती दुधावरून उठली आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ती सहा ते आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ राहणे इष्ट असते.

आपल्या छायाचित्रांत पिल्लांचे डोके धडाच्या मानाने मोठे आणि गोल दिसते, कान डोक्यापेक्षा आखूड आहेत आणि जवळून काढलेल्या पंजाच्या छायाचित्रात नखे केसांत पूर्ण बुडालेली आहेत. बोटे चोखण्याची खूण आपण स्वतःच लिहिली आहे. या सगळ्यांवरून माझा अंदाज असा, की पिल्ले दीड महिन्याची नसून साडेतीन ते चार आठवड्यांची आहेत. केवळ वजनावरून मी हे सांगितले नसते. न्यूझीलंड व्हाइटसारख्या मोठ्या जातीचे नीट पोसलेले पिल्लू चार आठवड्यांत साधारण अर्धा किलो भरते, तर खऱ्या बुटक्या जातीचे त्याच्या निम्म्यानेही भरत नाही; म्हणजे वजनावरून वय काढायला जात ठाऊक हवी आणि वजनावरून जात काढायला वय ठाऊक हवे. या फेऱ्यात सापडल्यामुळेच चार आठवड्यांचे मोठ्या जातीचे पिल्लू "दोन महिन्यांचे, बुटके" म्हणून सहज विकले जाते आणि घेणाऱ्याला त्यातली फसगत उमगत नाही.

दातांवरून वय ठरवता येईल का, असेही पुष्कळ वाचक विचारतात. गाई-म्हशींच्या बाबतीत ही रीत चालते. सशाचे दात मात्र जन्मभर वाढत राहतात आणि झिजत राहतात, त्यामुळे त्यांवरून वर्षांचा हिशेब लागत नाही.

आता लगेच करायच्या गोष्टी. विक्रेत्याकडे पिल्लांची आई असेल, तर पिल्ले निदान तीन-चार आठवड्यांसाठी तिच्याकडे परत ठेवता येतील का, हे आजच विचारा. ते शक्य नसेल, तर ससे तपासण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना पिल्ले दाखवा आणि दूध पाजायचे की नाही, कोणते आणि किती, हे त्यांच्याच सल्ल्याने ठरवा. घरातले गाईचे दूध, दूध-पाव किंवा बिस्किटे मुळीच देऊ नका. चांगले वाळलेले गवत चोवीस तास समोर असावे, सोबत थोडी लसूणघास आणि उथळ, जड भांड्यात पाणी ठेवावे. विक्रेता जे खाद्य देत होता तेच आणून काही दिवस चालू ठेवा आणि बदल करायचा तो हळूहळू करा. या वयात पोटातील आम्लता पुरेशी वाढलेली नसते आणि आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंची घडी बसलेली नसते, म्हणून कोवळी पालेभाजी किंवा गाजर एकदम दिल्यास हगवण लागते. हगवण लागलेले एवढे लहान पिल्लू एका दिवसातही दगावू शकते. मी अशी पिल्ले हातात घेतली आहेत. सकाळी खेळत होते आणि संध्याकाळी मान टाकली, असे घरातली मुले रडत सांगतात तेव्हा काय बोलावे ते सुचत नाही. म्हणून शेपटीखालचा भाग रोज पाहा, आणि तो ओला किंवा बरबटलेला दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पांढऱ्या पिल्लाच्या नाकावरचा मळ हा मळ नाही. कृपया ते पुसणे थांबवा, कारण ओल्या फडक्याने पिल्लू गारठते. त्याच्या अंगात रंग तयार करणारा घटक केवळ थंडाव्यात काम करतो, आणि नाक, कान, पंजे व शेपटी हे शरीराचे त्यातल्या त्यात थंड भाग असतात. म्हणून उरलेले अंग पांढरे राहून एवढेच भाग धुरकट, पुढे गडद होत जातात. थंडीच्या दिवसांत रंग अधिक चढतो आणि उन्हाळ्यात फिका पडतो. ही ठेवण हिमालयन आणि कॅलिफोर्नियन या दोन्ही जातींत आढळते. हिमालयन ससा मोठेपणी दोन किलोंच्या आत राहतो, तर कॅलिफोर्नियन साडेतीन ते पावणेपाच किलोंपर्यंत जातो. आपल्याकडे मांसासाठीच्या ससेपालनात कॅलिफोर्नियन आणि त्याचे संकर वापरले जातात, तेव्हा हे पिल्लू बरेच मोठे होईल असे धरून जागेची तयारी ठेवणे शहाणपणाचे. नाक-कान शेवटपर्यंत पांढरेच राहिले असते, तर मी न्यूझीलंड व्हाइटचा अंदाज केला असता. ती जात नावाने न्यूझीलंडची असली, तरी घडली अमेरिकेत.

काळ्या-पांढऱ्या पिल्लाबद्दल विक्रेत्याचे म्हणणे पूर्ण खोटे म्हणता येणार नाही. कपाळावरून नाकापर्यंत उतरणारा पांढरा पट्टा, पांढरे खांदे, मागचे अंग काळे आणि मागच्या पंजांवर पांढरे मोजे ही डच सशाची ठेवण होय. परंतु ती ठेवण संकरित पिल्लांतही सर्रास उतरते, आणि आपल्या पिल्लाचा पट्टा एका बाजूला सरकलेला आहे व एकच मागचा पंजा पांढरा आहे. आईबाप पाहिल्याशिवाय त्याला शुद्ध डच म्हणता येणार नाही; घरात पाळण्यासाठी त्याने काही बिघडतही नाही. कानांवरूनही इतक्यात निष्कर्ष काढू नका, कारण लोंबत्या कानांच्या जातींतही पिल्लांचे कान सुरुवातीला उभे असतात आणि काही आठवड्यांनी खाली येतात. दर रविवारी त्याच काट्यावर, स्टीलच्या डब्यात जुने फडके घालून, दोघांचे वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती वहीच जातीविषयी माझ्यापेक्षा खात्रीने बोलेल.

नर-मादीचा निर्णय चार आठवड्यांत अनुभवी माणसाकडूनही चुकतो. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास नराची अंडे उतरतात, तेव्हा तपासून घ्या. आणि नर-मादी निघाल्यास तीन महिन्यांच्या आसपास वेगळे ठेवा. भावंडे असली तरी ती एकमेकांशी जुगतात, गर्भ सुमारे एक महिन्याचा असतो, आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते.

प्रश्न : ऊसतोडणीच्या वेळी सरीत तपकिरी रंगाचे, डोळे उघडे असलेले सशाचे एकच पिल्लू सापडले. ते कोणत्या जातीचे असावे, आणि घरच्या सशांसोबत वाढवता येईल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : हे पाळीव सशाचे पिल्लू नव्हे, आपल्या रानातला ससा आहे. मुठीएवढ्या आकारातच अंगभर केस आणि टक्क उघडे डोळे, ही त्याची खूण. रानसशाची पिल्ले जन्मतःच अशी असतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा आणि प्राण्यांच्या वर्गीकरणातही वेगळा, त्यामुळे दोघांचा संकर होत नाही. पिल्लू एकटे होते म्हणून ते पोरके होते असे समजू नये. आई दिवसा दूर राहते आणि तिन्हीसांजेनंतर येऊन पाजते. सापडलेल्या जागेजवळच्या बांधावर, कुत्र्यांपासून आडोशाला, ते आजच संध्याकाळपूर्वी ठेवून या. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रानसशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे त्याला घरी पाळता येत नाही.