आतली नळी फाटली तर?

"मॅडम, पोट फाडून केलं तर जखम दिसती तरी. आतल्या आत कापलं आन् फाटलं, तर कळावं कसं?"

औसा तालुक्यातल्या पंचेचाळिशीच्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अन्ननलिकेवर दुर्बिणीतून उपचार ठरला की तो समजावून घ्यायला लातूरला माझ्याकडे पाठवलेले बहुतेक पेशंट शब्द बदलून हेच विचारतात.

ताईंचा घास दोन वर्षं छातीत अडकत होता. आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग 'टेन्शन घेऊ नका' झालं, मध्ये नजरही उतरवून झाली. भाकरीचा तुकडा तोंडात घातला की वर अर्धा तांब्या पाणी प्यायचं, उठून उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर ताणायचे, तेव्हा कुठं तो खाली जायचा. हे चारचौघांत कसं करणार? त्यांनी लग्नाच्या पंगती सोडल्या, घरातही सगळ्यांच्या मागून चुलीपाशी एकट्या जेवू लागल्या. रात्री आडवं झालं की खाल्लेलं तोंडात यायचं, ठसका लागायचा. घरच्यांना हे नाटक वाटायचं. वजन बारा किलो उतरलं तेव्हा सगळे कॅन्सरला घाबरले. वजन उतरतंय आणि घास अडकतोय, तर ती शंका आधी फेडून घ्यायलाच हवी. दुर्बिणीत गाठ निघाली नाही. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे आणि अन्ननलिकेतला दाब मोजणारी मॅनोमेट्री झाल्यावर निदान झालं: अकॅलेशिया. अन्ननलिका घास नीट पुढे ढकलत नाही आणि जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूची कडी गिळताना सैल होत नाही. तिथल्या मज्जापेशी कमी झालेल्या असतात. त्या परत येत नाहीत, म्हणून उपचार कडी सैल करण्याचाच.

डॉक्टरांनी 'पोएम' सुचवलं, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून कडीचा स्नायू आतून कापणं. जपानच्या डॉ. हारुहिरो इनोऊ यांनी २००८ मध्ये ते पहिल्यांदा माणसावर केलं. घोडं अडलं ते संमतीपत्रावर. पुतण्यानं त्यातलं 'छिद्र', 'रक्तस्राव', 'मृत्यू' एवढंच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. "मालक नगं म्हणलालेत," ताई म्हणाल्या. मालक बाजूलाच बसले होते.

'काही होत नाही, करून टाका' असं मी कुणालाच सांगत नाही. कागदावर छापलेला धोका मी तोंडानं पुसला, तर पेशंट माझं पुढचं काहीच खरं मानणार नाही. मी कोऱ्या कागदावर नळी काढली. आतून नाजूक अस्तर, त्याबाहेर स्नायू. पूर्ण भूल देऊन दुर्बीण तोंडातून आत जाते. अस्तराला छोटी चीर देऊन अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगद्यासारखी वाट करतात, कडीचा स्नायू कापतात आणि चीर क्लिपांनी बंद करतात. क्लिपा पुढे आपोआप गळून शौचावाटे जातात.

ताई चित्राकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे गोधडीचं अस्तर जरा उसवायचं, आतला थर कापायचा आन् अस्तर परत टाचायचं."

मालक पहिल्यांदा बोलले. "आन् अस्तरालाच कातर लागली तर?"

लागू शकते. बहुतेकदा ती तिथल्या तिथंच दिसते आणि तिथंच क्लिप लावतात. बऱ्याच ठिकाणी नंतर औषध पाजून फोटो काढतात, गळती नाही ना ते बघून मगच पातळ खायला देतात. आकडाही सांगितला. २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २२१ रुग्णांची तुलना छापून आली. गंभीर गुंतागुंत पोएममध्ये २.७ टक्के, तर पोटाला छिद्रं पाडून करतात त्या हेलर शस्त्रक्रियेत ७.३ टक्के. दोन वर्षांनी आराम दोन्हींत जवळपास सारखा, ८३ आणि ८२ टक्के. मात्र हे सरावलेल्या हातांचे आकडे आहेत. म्हणून 'तुम्ही असे किती केलेत?' असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका, मग दवाखाना लातूरचा असो की हैदराबादचा. फुग्यानं कडी ताणायचा उपचारही आहे. त्यातही नळी फाटण्याचा थोडा धोका असतो, आणि पुष्कळांना तो पुन्हा करावा लागतो.

फाटण्याच्या भीतीपुढे खरी तोशीस देणारी गोष्ट झाकून जाते. कडी सैल झाली की जठरातलं आम्ल वर येऊ शकतं. त्याच अभ्यासात तीन महिन्यांनी पोएमवाल्या ५७ टक्के जणांच्या अन्ननलिकेला आम्लानं सूज आलेली दिसली, हेलरमध्ये २० टक्के. दोन वर्षांनी ४४ आणि २९. हेलरबरोबर जठराचा भाग गुंडाळून आम्लाला अडसर करतात, म्हणून तो फरक. मालक वैतागले, "दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, आता ऑपरेशन करून परत पित्तच?" मला हा प्रश्न रास्त वाटला. आधीची जळजळ मुख्यतः वर तुंबून आंबलेल्या अन्नाची होती, त्या गोळ्यांचा काय उपयोग होणार? आता येईल ते खरं आम्ल, आणि त्याला गोळी लागू पडते. ती कदाचित वर्षानुवर्षं घ्यावी लागेल, हे त्यांना सहीआधी कळायला हवं होतं.

एक गोष्ट घरच्यांच्या हातात असते. अन्ननलिकेत अन्न साचलेलं असताना भूल दिली तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून आधी सांगितलेले दिवस फक्त पातळ, मग पूर्ण उपाशी. पहाटे कुणी देवाचा प्रसाद म्हणून पेढ्याचा कण जरी भरवला, तरी लपवू नका. तारीख पुढे जाईल, जाऊ द्या. आणि नंतर मानेवर सूज येऊन दाबल्यावर कातडी कुरकुरली तर नर्सला दाखवा, पण घाबरू नका. तो बहुधा आत सोडलेला कार्बन डायऑक्साइड असतो, जिरून जातो. पोएम झालं त्या संध्याकाळी ताईंची मान खरंच फुगली. सासूबाई मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं म्हणून बरं, न्हाईतर म्या बोंबच ठोकली असती." वाढती छातीदुखी, ताप, धाप, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काही झालं, तर मात्र तासभरही थांबायचं नाही.

सहा महिन्यांनी ताई तपासणीला आल्या तेव्हा वजन सात किलो वाढलं होतं. जळजळ नाही म्हणून गोळी त्यांनी आपल्या मनानं बंद केली होती. दुर्बिणीत खालच्या टोकाला सूज निघाली. कित्येकांना ती जाणवतच नाही. गोळी पुन्हा सुरू झाली आहे, पुढची दुर्बीण वर्षानं.