मॅच कुठे मिळते ते सांग

अरे,

परवा नेट्सवर तुला बघितलं. शर्टामागच्या आडनावावर पांढरी चिकटपट्टी लावली होतीस. घामाने तिचं एक टोक सुटलं होतं आणि तू दर दोन बॉलनंतर हात मागे नेऊन ती दाबत होतास. त्या नादात तीनदा बीट झालास. काढून टाक ती पट्टी. मैदानावरच्या पोरासोरांनासुद्धा माहितीये तू कोणाचा मुलगा ते.

तुझा मेसेज वाचला. बाहेरच्या राज्याकडून बोलावणं आलंय, पण मुंबई सोडली तर लोक काय म्हणतील आणि घरी काय वाटेल. लोक म्हणणारच रे. इथे राहिलास तर वशिल्याने आला म्हणतील, गेलास तर मुंबईत जमलं नाही म्हणतील. मला एकच सांग, मॅच कुठे मिळते? बाकी सगळं नंतर.

रोहन गावसकरचं बघ. नाव ठेवलं कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ या तिघांवरून, म्हणजे पाळण्यातच तीन बॅट्समन डोक्यावर, वर सुनील गावसकर बाप. वडील उजव्या हाताचे ओपनर, हा डावखुरा, मधल्या फळीतला, तरी तुलना चुकली नाही. तो रणजी खेळला बंगालकडून. तिथे वर्षानुवर्षं बॅटिंग केली, कॅप्टन झाला, फर्स्ट क्लासमध्ये साडेसहा हजारांच्या वर रन काढले. २००४ मध्ये इंडियाकडून ११ वनडे मिळाल्या, त्यात एक फिफ्टी, ॲडलेडला झिम्बाब्वेविरुद्ध. लोक ते ११ मोजतात आणि हळहळतात. मी ते हजारो रन मोजतो, कारण ते मॅचमधले आहेत. अर्जुन तेंडुलकर २०२२ ला मुंबईची एनओसी, म्हणजे दुसऱ्या राज्याकडून खेळायची परवानगी, घेऊन गोव्याला गेला तेव्हाही बोलले सगळे, आणि त्याच सीझनला पोर्वरीमला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने शंभर मारले, तिकडे संधी मिळाली म्हणून मारले ना? मुंबईच्या डगआउटमध्ये बसून कोणाला शंभर मारता आलेत?

आणि खानदानाचं म्हणशील तर सुनीलने लहानपणी मामाकडे, म्हणजे माधव मंत्रींकडे, त्यांचा इंडियाचा एक स्वेटर मागितला होता. मंत्री स्वतः कसोटी खेळलेले, घरात स्वेटर होते, भाच्याला एक दिला असता तर काय बिघडलं असतं? नाही दिला. हा घाम गाळून मिळवायचा असतो म्हणाले. तुझ्या बाबांनी तुला त्यांचे किती स्वेटर दिलेत ते मी विचारत नाही.

मीही गेलो होतो बाहेरच्या राज्याकडून खेळायला. माझा मोठा भाऊ तेव्हा नावाजलेला, मी त्याचा धाकटा, इतकीच ओळख. तिकडे मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या पिचवर खेळलो, लॉजवर राहिलो, जेवणाचे हाल, पण दर मॅचला अकरात होतो. परत आलो ते आईच्या आजारपणामुळे, जमलं नाही म्हणून नव्हे, कोणी काहीही सांगो. आई बरी झाल्यावर पुन्हा जायला हवं होतं असं भाऊ आता म्हणतो, त्या वेळी मात्र बँकेतली नोकरी सोडू नकोस म्हणणारा हाच होता. नोकरी होती म्हणून घर चाललं, त्यात माझं काय चुकलं? असो. बँकेच्या टीमकडून कांगा लीग, ती मुंबईतली पावसाळ्यातली स्पर्धा, खेळायचो, म्हणजे खेळायचो कमी आणि पाणी जास्त न्यायचो, भर पावसात, घोट्याएवढ्या गवतातून. भलत्या विषयावर गेलो.

तुझं तंत्र ठीक आहे. डोकं ऑफला पडतंय, पण ते थ्रोडाउनने, म्हणजे कोणीतरी जवळून हाताने फेकलेले बॉल खेळून, सुटणार नाही हे तुला कोणी सांगत कसं नाही? बाद झाल्यावर दिवसभर पॅव्हेलियनमध्ये बसावं लागतं तेव्हा सुटतं. त्यासाठी मॅच लागते. मॅच, समजलं? साइड आर्मवाला, म्हणजे दांडीने जोरात बॉल फेकणारा, भाड्याने घेऊन दीडशेच्या स्पीडने कितीही बॉल खेळ, तिथे बाद झालं तरी पुढचा बॉल मिळतोच.

आणि ते आयपीएलच्या ट्रायल्सचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. तिथेही शेवटी डोमेस्टिकमध्ये काय केलंस तेच विचारतात.

एनओसीचा अर्ज याच आठवड्यात दे, सीझन तोंडावर आलाय. तिकडच्या कोचला फोन करून नीट विचार, कितव्या नंबरवर खेळवणार आणि सुरुवातीच्या मॅचेसना घेणार का. नुसतं 'स्क्वॉडमध्ये आहेस' म्हणाला तर नको जाऊस, बेंच इथेही आहे. बाबांशी मी बोलणार नाही, ते तुझं तू बोल. राहायची सोय नसेल तर कळव, तिकडे माझा एक जुना टीममेट आहे, त्याच्याकडे महिनाभर तरी होईल.

काका