प्रौढशाळेच्या सभासदांसाठी धर्मादाय सुट्टीघर: कोल्हापुरात असं काही होतं का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडात प्रौढशाळांच्या सभासदांसाठी देणग्यांवर चालणारी सुट्टीची घरं होती, ती कल्पना कुठून आली आणि आपल्या कोल्हापुरात तसं काही होतं का. पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देतो. दुसऱ्याबद्दल बोलायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

मोठ्या माणसांची शाळा इंग्लंडात १७९८ साली नॉटिंगहॅमला सुरू झाली, लेस आणि होजिअरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या तरुण बायकांसाठी. पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते काम उचललं. जोसेफ स्टर्ज यांनी १८४५ मध्ये बर्मिंगहॅमला जे वर्ग काढले ते रविवारी सकाळी भरत, कारण एरवी कामातून सवड कुठली? सुट्टीचा विचार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. लँकशायरमधल्या कोल्न गावचे पाद्री टी. ए. लेनर्ड १८९१ मध्ये तीसेक जणांना घेऊन अँबलसाइडच्या डोंगर-तळ्यांत गेले. वर्षभर पै-पै साठवायची आणि गिरणी बंद असलेल्या आठवड्यात समुद्रकाठच्या चैनीत उडवून टाकायची, हे त्यांना बघवत नव्हतं. दिवसा पायपीट, साधं जेवण, संध्याकाळी व्याख्यान नाहीतर गाणी, असा तो बेत. त्यातूनच सहकारी सुट्टी संस्था उभी राहिली आणि १९१३ मध्ये तिची धाकटी बहीण हॉलिडे फेलोशिप. प्रौढशाळांची घरंही याच विचारातली.

आता कोल्हापूर. अगदी तसं घर इथं नव्हतं. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकून दमल्यावर विश्रांतीला जागा हवी होती असं नाही. शिकायला यायचं तर पाठ कुठं टेकायची, तिथंच त्याचं घोडं अडत होतं. म्हणून आपल्याकडे निघाली ती बोर्डिंगं. लोकांच्या पैशांवर उभं राहिलेलं आणि शिकणाऱ्याला आसरा देणारं घर, या अर्थानं मी त्यांना तुमच्या प्रश्नातल्या घरांची सख्खी भावंडं मानतो.

शाहू महाराजांनी आधी, १८९६ मध्ये, सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतंच राहिलं. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि असं करत १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग. मधली कितीतरी नावं मी सोडली आहेत.

जातवार बोर्डिंगं काढून महाराजांनी भिंती पक्क्या केल्या, असं आज काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या पोराला गावात कोणी भाड्यानं खोली देत नव्हतं आणि खानावळीत पानावर बसू देत नव्हतं, त्याला सर्वांसाठीच्या वसतिगृहाच्या पाटीचा काय उपयोग होता? पाटी लावून पाच वर्षं काय झालं ते महाराजांनी पाहिलं होतं. आणि खरी मेख पुढं आहे. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्नं लावून दिली. कारभार मात्र त्या-त्या समाजाच्या मंडळींच्या हाती ठेवला. वर्गणी त्यांनीच गोळा करायची, धान्य त्यांनीच आणायचं, पोरगं नापास झालं तर कान त्यांनीच धरायचा. दरबारच्या एका सहीवर चालणारं काम सही करणारा गेला की बसतं. महाराज १९२२ मध्ये गेले, बोर्डिंगं राहिली.

भिंतींचंच म्हणाल, तर त्या फोडणारा माणूसही याच बोर्डिंगांतून आला. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते जाऊन आले, आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि तिथून बाहेर पडावं लागलं. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव मिळालं, ते शाहू महाराजांचं.

मी स्वतः आजऱ्याकडचा, बोर्डिंगात राहूनच शिकलो. गावाकडून डबा एसटीनं यायचा. भाकरी, खरडा, कधी सुकी भाजी. झाकणावर ऑइलपेंटनं नाव. गाडी चुकली की त्या दिवशी शेजाऱ्याच्या डब्यातली अर्धी भाकरी ठरलेली. आमच्याच बोर्डिंगात एक पस्तिशीचे गृहस्थ राहत. दिवसा उद्यमनगरातल्या फाउंड्रीत मोल्डिंगचं काम, रात्री दहावीसाठी रात्रशाळा. नियमात त्यांचं वय बसत नव्हतं, पण कमिटीनं ठराव करून त्यांना कोपऱ्यातली खोली दिली. काळी वाळू नखांतून कितीही घासली तरी निघत नसे, म्हणून ते वहीच्या पानावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून त्यावर हात टेकवून लिहायचे. अक्षर मोत्यासारखं. आम्ही गणित त्यांना शिकवायचो, ते आम्हाला पैसे कसे जपायचे ते शिकवायचे. प्रौढशिक्षण आणि धर्मादाय घर यांची गाठ मी पाहिली ती त्या खोलीत.

जिल्ह्यात संस्थेच्या पातळीवर हे दोन धागे जोडले ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी. गारगोटीला १९५२ मध्ये त्यांनी श्री मौनी विद्यापीठ काढलं. शाळकरी पोरांबरोबर खेड्यातल्या मोठ्या माणसांचं शिक्षणही आपलंच काम, ही दृष्टी त्यांची पहिल्यापासून होती.

तुम्हाला यावर खोलात जायचं असेल तर दसरा चौकापासून सुरुवात करा. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग तिथं हाकेच्या अंतरावर आहेत. ऑफिसात गेल्यावर इमारतीचा इतिहास विचारू नका, जुने वार्षिक अहवाल आणि देणगीदारांच्या याद्या मागा. कोणी किती पायली जोंधळा दिला, कोणी एका मुलाचा वर्षाचा खर्च उचलला, हे तिथं ओळीनं लिहिलेलं सापडतं. जाताना सकाळी अकरानंतर जा, क्लार्क जागेवर असतो.