कोटा पूर्ण होतो, पण मन लागत नाही

प्रश्न : मी डेंटल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्लिनिकल पोस्टिंग (विभागात रुग्णांवर प्रत्यक्ष काम) सुरू झाल्यापासून ठरलेल्या केसेसचा कोटा भरायला किती एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं) झाली, किती स्केलिंग (दातांची सफाई) उरली, एवढंच डोक्यात असतं. मागच्या आठवड्यात एका आजोबांची दाढ काढत होते. त्यांनी भीतीने माझा कोट घट्ट धरला होता आणि माझं लक्ष लॉगबुकवर सही कधी मिळेल याकडे! घरी आल्यावर फार अपराधी वाटलं. रुग्णसेवेची ओढच माझ्यात नसेल, तर मी या क्षेत्रात राहावं का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. आजोबांनी कोट धरला होता, हे आठवडाभरानंतरही तुला आठवतंय. ज्याला रुग्णाशी काही देणंघेणं नसतं, त्याच्या हे लक्षातही राहत नाही. त्यामुळे सेवाभाव आहे की नाही, हा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवू.

आधी हे बघ की या टप्प्यावर असं का होतं. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, तू जे शिकलीस, तिथे लाळ नव्हती, मध्ये येणारी जीभ नव्हती, घाबरलेला माणूस तर नव्हताच. आता हे सगळं एकदम समोर आलंय आणि फोर्सेप्स (दात काढायचा चिमटा) कसा धरायचा यातच तुझं सगळं लक्ष खर्ची पडतंय. हात बसला की नजर मोकळी होते, पण त्याला वेळ लागतो. आणि हात बसवणं हीसुद्धा रुग्णाचीच काळजी आहे, हे मला आवर्जून सांगायचंय. भुलीचं इंजेक्शन सावकाश दिलं तर कमी दुखतं. टाळूला देताना तर हा फरक रुग्णाला लगेच कळतो. प्रेमळ बोलणाऱ्या पण घाईने सुई टोचणाऱ्या डॉक्टरपेक्षा सावकाश सुई देणारा अबोल डॉक्टर त्या क्षणी त्याला जास्त आपला वाटेल.

आजोबांसारख्या रुग्णासाठी काय करता येईल? भूल दिल्यावर ओठ बधिर झाला का, हे विचारतेसच. त्याच वेळी हेही सांग, ‘दाब जाणवेल, कडकड आवाज येईल, पण दुखायला नको. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन.’ भुलीने वेदना थांबते, दाबाची जाणीव राहते. हे कुणी सांगितलं नसेल तर दाब जाणवताच माणसाला वाटतं, आता दुखणार, आणि तो हाताला येईल ते धरतो. मात्र त्याने हात वर केला की खरोखर थांब. एकदा थांबलीस की तो पुढच्या वेळी निर्धास्त बसतो. याला मिनिटभरही लागत नाही, कोटा अडत नाही.

केसपेपरवर मुख्य तक्रार रुग्णाच्या शब्दांत लिहायची असते. बरेच विद्यार्थी सवयीने ‘दातदुखी’ लिहून मोकळे होतात. तू त्याचं वाक्य जसंच्या तसं लिही : ‘रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही.’ पुढच्या भेटीत दाताआधी झोपेबद्दल विचारशील.

आता माझा मुख्य सल्ला. तुझी अडचण मला वेगळीच वाटते. रुग्ण तुला तुकड्यातुकड्यांत भेटतो. दाढ काढली, सही झाली, पुढचा नंबर. उपचाराने त्या माणसाचं काय झालं, हे तुला दिसतच नाही, मग अर्थ वाटणार कुठून? म्हणून कम्प्लीट डेंचरचा, म्हणजे पूर्ण कवळीचा, एक रुग्ण पहिल्या मापापासून शेवटपर्यंत स्वतःकडे ठेव. त्याला पुन्हापुन्हा यावं लागतं : प्राथमिक माप, अंतिम माप, जॉ रिलेशन (दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात याची नोंद), ट्राय-इन (कवळी पक्की करण्याआधी तोंडात लावून पाहणं), मग कवळी बसवणं, आणि नंतर टोचणाऱ्या जागा घासून देणं. ट्राय-इनला दात अजून मेणात असतात, बदल करता येतात. तेव्हा आरसा त्याच्या हातात दे आणि गप्प राहा. ‘स’ नीट उमटतो का हे पाहायला साठपासून पुढे मोजायला सांग. कधी नातेवाईक म्हणतात ‘छान दिसतंय’, पण तो स्वतः म्हणतो, ‘माझे दात इतके सरळ कधीच नव्हते.’ अशा वेळी त्याचं ऐक. दात पुन्हा लावावे लागले तरी चालेल.

दाढ काढलेल्या रुग्णांचीही दोन-तीन दिवसांनी विचारपूस कर. ड्राय सॉकेटचं (दात काढलेल्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेल्याचं) दुखणं साधारण तेव्हाच सुरू होतं आणि अनेकांना वाटतं, एवढं दुखणारच. ते अंगावर काढतात.

प्रत्येक रुग्णाच्या वेळी मन भरून यावं, अशी अट मात्र स्वतःवर घालू नकोस. काही दिवस नुसतं स्केलिंगच होईल. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कॉलेजला जायच्या विचाराने छाती धडधडत असेल, तर तो थकवा वेगळा. त्यासाठी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा.

क्षेत्र सोडायचा निर्णय एवढ्यात घेऊ नकोस. एवढं करूनही खुर्चीशेजारी जीव रमला नाही, तर ओरल पॅथॉलॉजी, ओरल रेडिओलॉजी, सामुदायिक दंतवैद्यक हे मार्ग आहेतच. दोन आठवड्यांत भरून न येणारा तोंडातला व्रण नेमका कशाचा, हे स्लाइडवर ओळखणारा पॅथॉलॉजिस्ट त्या रुग्णाला कदाचित कधी भेटतही नाही, पण त्याच्या निदानावर पुढचे उपचार ठरतात.

डेंचरच्या रुग्णाचं मात्र पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विभागात सांगून ठेव. पोस्टिंग बदललं की अर्धवट केस दुसऱ्याकडे जाते. ‘ही केस मीच पूर्ण करेन, त्यासाठी नंतरही येईन’ असं मार्गदर्शक शिक्षकांना आधीच विचारून घे.