अभिप्राय मागायचा तर नेमका माग
स्वतःला ओळखायला रोज डायरी लिहितोस ते उत्तमच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘जोहारी खिडकी’त, म्हणजे स्वतःची ओळख चार चौकटींत मांडणाऱ्या आकृतीत, एक चौकट अशी आहे, जिथलं इतरांना दिसतं, आपल्याला नाही. ती एकट्याने उघडत नाही, विचारावंच लागतं. मात्र ‘मी कसा वाटतो?’ असं नको. लोक गोड बोलून मोकळे होतात. ‘कालच्या बैठकीत मी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं का?’ असं विचार. उत्तर आलं की खुलासे देत बसू नकोस, लिहून घे. बोचलं तर दोन दिवसांनी पुन्हा वाच. स्वतःत बदल घडवायला मदत करणारा व्यावसायिक कोच गाठायचा असेल, तर तो त्यानंतर. चांगला कोच सल्ल्यापेक्षा प्रश्न जास्त देतो. आणि मन खरंच खचलं असेल, तर आधी समुपदेशकाकडे जा. ते कोचचं काम नाही.