मुलाला काड्यांनी वजाबाकी येते, पण वहीत चुकते. मग कृतीतून गणित शिकवण्याचा उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तिसरीत आहे. शाळेत काड्या, मणी, खेळण्यातल्या नोटा असं सगळं साहित्य वापरतात. काड्या हातात दिल्या तर 42 मधून 17 काढून तो 25 बरोबर दाखवतो, पण वहीत उभी मांडणी केली की 35 लिहितो. म्हणून हे सगळं बाजूला ठेवून रोज वीस गणितांचा सराव करून घ्यावा का, असं तुम्ही विचारता.

मी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. सोळा वर्षं झाली, पहिली ते चौथी सगळे वर्ग हाताखालून गेले. तुमच्या मुलाचं 35 मी इतक्या वह्यांत पाहिलंय की प्रश्न वाचतानाच ती वही डोळ्यांसमोर आली. सराव वाढवू नका, निदान आत्ता नको. वीस गणितं दिलीत तर तो वीस वेळा तीच चूक पक्की करेल.

35 येतं कसं ते आधी बघा. त्याला दोनातून सात जात नाहीत हे माहीत आहे. म्हणून तो सातातून दोन काढतो, पाच लिहितो. चारातून एक गेला, तीन. त्याच्या दृष्टीने त्याने नियम पाळलाय: मोठ्यातून लहान वजा करायचं. हा नियम त्याला पहिलीपासून आपणच सांगितलाय. हा त्याचा निष्काळजीपणा नाही, आणि 'नीट बघून कर' म्हणून तो सुटणारही नाही.

काही वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीने माझ्यासमोर हेच गणित दोन्हीकडे केलं. काड्यांचं उत्तर 25, वहीतलं 35. मी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, "यातलं खरं कुठलं गं?" तिने क्षणभरही विचार न करता वहीवर बोट ठेवलं. म्हणाली, "हे. पेपरात हेच लिवायचं असतं ना बाई." तिच्यासाठी काड्यांचं गणित आणि वहीचं गणित या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, जसा कबड्डीचा नियम खो-खोला लागू होत नाही. तोवर मी समजत होते की साहित्य दिलं, मुलं रमली, उत्तर बरोबर आलं, म्हणजे झालं. त्या दिवसापासून मी काड्या देऊन बाजूला होणं सोडलं आणि मुलांच्या हातांकडे बघायला लागले.

बघितल्यावर जे दिसलं ते तुम्हीही आज घरी बघू शकता. मुलाला दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. म्हणा, "मला यातल्या सतरा दे." काहीही सुचवू नका. बहुतेक मुलं आधी एक अख्खा गठ्ठा उचलून देतात. मग सात द्यायच्या असतात, हाताशी दोन. थोडं थांबतात. मग एखादं मूल दोन सुट्या देतं, दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढतं आणि त्यातल्या पाच देतं. दुसरं एखादं आधी रबर काढतं, बारा सुट्या करतं आणि सात मोजून देतं. म्हणजे हात दशकाकडून एककाकडे गेले, आधी मोठं, मग किरकोळ. भाजीवाल्याला पैसे देताना आपणही आधी नोट काढतो, मग चिल्लर. वहीत मात्र आपण त्याला उलटीकडून, एककापासून सुरू करायला सांगतो. हात एका दिशेने चाललेत, पेन्सिल दुसऱ्या. मग काड्यांनी जे कळलं ते वहीपर्यंत पोचणार कसं?

म्हणून मी पहिले आठ-दहा दिवस उभी मांडणी करायलाच लावत नाही. हातांनी जे केलं तेच, त्याच क्रमाने लिहायचं. एक गठ्ठा दिला: 42 चे 32 झाले. दोन दिल्या: 30. आणखी पाच दिल्या: 25. आडव्या ओळीत, बाण काढत. ही रीत चुकीची नाही, लांबची आहे इतकंच. एक काडी हलली की लगेच एक आकडा लिहायचा. सगळं गणित काड्यांनी संपवून शेवटी फक्त उत्तर वहीत उतरवलं, तर मधला रस्ता कागदावर येतच नाही.

यानंतर चित्र. डी.एड.ला आम्हाला जेरोम ब्रूनर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अभ्यासाला होते. माणूस गोष्ट आधी कृतीतून धरतो, मग चित्रातून, मग चिन्हातून, अशी त्यांची 1960 च्या दशकातली मांडणी. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, अर्थ वर्गात कळला. शाळेत आणि घरी नेमकी मधली पायरी गळते. काड्यांवरून थेट आकड्यांवर उडी. तुम्ही त्याला गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब काढायला लावा. 42 म्हणजे चार रेघा, दोन टिंबं. रबर काढायचं झालं की एक रेघ खोडायची आणि दहा टिंबं द्यायची. ती दहा टिंबं काढायचा कंटाळा येऊ द्या. चार-पाच दिवसांनी मूल स्वतःच म्हणतं, "बाई, नुसतं बारा लिहू का?" तो क्षण आला की त्याला उभी मांडणी दाखवा. दोनाच्या डोक्यावर लिहिलेले बारा आणि चार खोडून लिहिलेले तीन त्याला आता ओळखीचे वाटतात, कारण ती रेघ त्याने स्वतः खोडलेली असते. वहीत आपण एककापासून का सुरू करतो, हेही त्याला तेव्हाच सांगा: गठ्ठा फोडावा लागेल का हे आधी कळलं, तर लिहिलेला दशक पुन्हा खोडावा लागत नाही. कारण कळलं की मुलं दिशा बदलायला कुरकुरत नाहीत.

एक विचारून घेते. घरात आजी-आजोबा अभ्यास घेतात का? जुन्या पिढीतल्या अनेकांची वजाबाकी वेगळी आहे. ते वर दहा मिळवतात आणि हातचा एक खालच्या दशकात घालतात, चारातून एकाऐवजी दोन वजा करतात. उत्तर बिनचूक येतं, पण काड्यांच्या गठ्ठ्यात ती रीत दिसत नाही. शाळेत एक आणि घरी दुसरी, असं चालू असेल तर मूल दोन्हींची भेसळ करतं. सहा महिने तरी एकच ठेवा.

साहित्याबद्दल. विकत काही आणू नका. खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडून घ्या आणि रबर आणा. प्लॅस्टिकचे तयार दशक-दांडे देखणे असतात पण ते सुटत नाहीत. दांडा देऊन दहा सुटे ठोकळे बदलून घ्यावे लागतात, आणि लहान मुलाला तो व्यवहार वाटतो, फोडणं वाटत नाही. ज्याने दहा काड्या स्वतः मोजून रबर लावलं, त्याला आत दहाच आहेत याची खात्री असते. गठ्ठे तुम्ही बांधून देऊ नका, वेळ लागला तरी त्यालाच बांधू द्या. आमच्याकडे मुलं गठ्ठ्याला 'जुडी' म्हणतात. कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचा भाव बाजार समितीत शेकड्यावर निघतो, हे शेतकऱ्यांच्या पोरांना कोणी शिकवायला लागत नाही. म्हणून दहा जुड्या एकत्र बांधल्या की आमच्या वर्गात तो काड्यांचा शेकडा. शतक हा शब्द नंतर येतो.

हा शेकडा पुढे फार कामी येतो. 305 वजा 128 हे गणित चौथीतल्या मुलांनाही घाम फोडतं, कारण मधे शून्य आहे. 'शून्याकडे नाही म्हणून पलीकडच्याकडून घे, मग शून्याचे नऊ कर' असं तोंडी सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. तेच काड्यांनी करा. तीन शेकडे, जुडी एकही नाही, पाच सुट्या. आठ द्यायच्यात. जुडी नाही तर शेकडाच सोडावा लागतो. सोडला, दहा जुड्या मिळाल्या. त्यातली एक फोडली, नऊ उरल्या. सुट्या झाल्या पंधरा. तो नऊ कुठून आला, हे मग कोणी विचारत नाही. उत्तर 177.

हीच मुलं 'तीनशे पाच' ऐकून 3005 लिहितात. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं: तीनशे आणि पुढे पाच. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या करा, एक लांब 300 ची, एक छोटी 5 ची. छोटी पट्टी लांब पट्टीच्या उजव्या टोकावर ठेवली की शेवटचं शून्य झाकलं जातं आणि 305 दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे.

आपल्या भाषेतली एक अडचण पालकांच्या लक्षात येत नाही. छत्तीस म्हणताना आपण सहा आधी उच्चारतो आणि तीस नंतर, लिहिताना तीन आधी. त्यामुळे छत्तीसचे 63 होतात. एकोणचाळीस तर आणखी कठीण, त्यात ऐकू येतो चाळीस आणि लिहायचे असतात तीन आणि नऊ. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तीस सहा' अशी फोड जोडीला दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर ती फोड वर्गात कामाची आहे. काड्या समोर असताना 'तीस आणि सहा, म्हणजे छत्तीस' असं दोन्ही म्हणवून घ्यायचं. दुकानात, एसटीत छत्तीसच लागणार आहे, ते सुटता कामा नये. एकोणचाळीससाठी मण्यांची माळ करा, शंभर मणी, दहा लाल मग दहा पांढरे असे आलटून-पालटून. चाळिसाव्या मण्यावर बोट ठेवायचं आणि एक मागे यायचं. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे मुलाला बोटाने कळतं.

गुणाकाराला चिंचोक्यांच्या ओळी पुरतात. चार ओळी सहाच्या, कागद फिरवला की सहा ओळी चारच्या. त्यावर फार बोलायला नको, पाढे मात्र पाठच हवेत. भागाकारात दोन्ही गोष्टी करून घ्या: बारा चिंचोके तिघांत वाटणं आणि बारातून तीन-तीनचे ढीग लावणं. मुलाला हे वेगळे वाटतात, तसे ते आहेतही.

अपूर्णांकांना घरासारखी शाळा नाही. एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश, असं विचारलं तर चौथीतली निम्मी मुलं 'चार मोठे' म्हणून चतुर्थांश सांगतात. त्याच मुलांना चतकोर भाकरी हवी की तीन जणांत एक भाकरी वाटून आलेला तुकडा, असं विचारा. भूक लागलेलं मूल कधी चुकत नाही. एकदा एक पोरगा म्हणाला, "आजी नितकोर पण देती." चतकोराचा अर्धा. एक अष्टमांश त्याच्या घरात रोज वाढला जात होता. फळ्यावरचा 1/8 तेवढा परका होता.

साहित्य कधी काढून घ्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते महत्त्वाचं आहे. काढून घेऊ नका, झाका. काड्या मांडायच्या आणि त्यावर रुमाल टाकायचा. "आता आत काय झालं ते सांग" म्हणायचं. त्याने डोळे मिटून "एक जुडी सोडली, बारा झाल्या" असं सांगितलं तर त्याला काड्या डोक्यात दिसताहेत. अडला तर रुमाल उचलून बघू द्या, रागवू नका. असे पाच-सहा दिवस गेले की मूल काड्या मागतच नाही. आणि चौथीत गेल्यावर एखाद्या अवघड गणिताला मागितल्या, तर बिनदिक्कत द्या.

आज रात्री फक्त ते पहिलं करा: चार जुड्या, दोन सुट्या, सतरा मागा आणि गप्प बसा. त्याने आधी जुडी उचलली की सुट्या, आणि कुठे थांबला, ते इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगते.